पाच माणसं, सहा चिठ्ठ्या

१

पेटी उघडली तेव्हा आत सहा चिठ्ठ्या निघाल्या, आणि खोलीत मत देणारी माणसं होती पाच.

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा मोजलं. सहाच. तीन चिठ्ठ्यांवर ‘वाढ’ छापलेलं, उरलेल्या तिन्हींवर ‘जैसे थे’.

“असं कसं होईल?” थोरले साहेब म्हणाले.

थोरले साहेब म्हणजे मध्यवर्ती बँकेचे प्रमुख, आणि त्यांच्या डाव्या हाताला बसलेले धाकले साहेब म्हणजे उपप्रमुख. ही नावं कुणी पाडली कोण जाणे, पण दारावरच्या रखवालदारापासून सगळे त्यांना असंच ओळखायचे. दर दोन महिन्यांनी हे दोघं आणि आणखी तिघं या खोलीत बसून देशाचा व्याजदर ठरवायचे. मत गुप्त. प्रत्येकाला दोन जाड चिठ्ठ्या मिळायच्या, एक ‘वाढ’, एक ‘जैसे थे’. पडद्याआड जायचं, हवी ती मतपेटीत टाकायची, नको ती शेजारच्या रद्दीपेटीत. पंधरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

“कुणाच्या तरी हातून चुकून दोन्ही पडल्या असतील,” थोरले साहेब म्हणाले. “होतं असं. दुसरी फेरी घ्या.”

दुसरी फेरी झाली. चिटणिसांनी पेटी सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली, रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मगच मतं टाकायला दिली. पाच जण एकेक करून पडद्याआड गेले आणि आले.

पेटी उघडली. सहा चिठ्ठ्या. तीन ‘वाढ’, तीन ‘जैसे थे’.

एकदा चूक होते. दोनदा झाली की तिला दुसरं नाव असतं.

“दक्षता विभागाच्या बाईंना बोलवा,” थोरले साहेब म्हणाले. “आणि त्या येईपर्यंत दार कुणीही उघडायचं नाही.”

२

दक्षता विभागाच्या बाईंना सगळी इमारत भिंगबाई म्हणायची. वीस वर्षं त्यांनी खोट्या नोटा ओळखण्याच्या टेबलावर काढली होती. नोट हातात घेतली की डोळ्याआधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं. कागद, शाई, धागा याबद्दल त्यांना काहीही विचारा. व्याजदराबद्दल मात्र नाही.

त्यांच्या घरी आई होती, जिची सगळी पुंजी ठेवीत होती, आणि धाकटा भाऊ होता, ज्याने कर्ज काढून छापखाना उभा केला होता. दर वाढला की आईची कळी खुलायची आणि भाऊ ताटावरून उठायचा. दर उतरला की उलट. एकाच घरात एकाच बातमीने एकाने हसावं आणि दुसऱ्याने रडावं, हे गौडबंगाल भिंगबाईंनी कधी सोडवायचा प्रयत्नच केला नव्हता. आणि आज ते सोडवणाऱ्यांच्याच खोलीत त्यांना उभं केलं होतं.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“माझी अडचण समजून घ्या,” थोरले साहेब म्हणाले. “बारा वाजता मला निर्णय जाहीर करायचाय. नियमाप्रमाणे दिवसाला दोनच फेऱ्या. त्या दोन्ही वाया गेल्या तर बैठक उद्यावर.”

“मग उद्या घ्या ना, साहेब.”

गिरणीवाले फस्सकन हसले. कापडगिरणीचे मालक, समितीवरचे बाहेरचे सदस्य. “बाई, पंधरा वर्षांत हे निवेदन एकदाही चुकलेलं नाही. आज बारा वाजता ते आलं नाही, तर बारा वाजून एक मिनिटानं लोक म्हणतील, आत काहीतरी भयंकर शिजतंय. न बोलणं हेसुद्धा बोलणंच असतं इथे.”

“दुसरा काही मार्ग?”

“एकच,” थोरले साहेब म्हणाले. “ज्याने दोन टाकल्या तो सापडला, तर त्याच्या चिठ्ठ्या बाद. उरलेल्या मतांवर निकाल. बरोबरी झाली तर माझं निर्णायक मत. पण तो सापडायला हवा. बाराच्या आत.”

भिंगबाईंनी एकेक चेहरा पाहिला. सगळे तितकेच गोंधळलेले दिसत होते. खोटी नोट निदान खोटी दिसते.

त्यांनी सगळ्यांचे मोबाइल, स्वतःचासुद्धा, चिटणिसांच्या कपाटात कुलूपबंद केले आणि किल्ली खिशात टाकली. मग विचारलं, “रद्दीपेटीतल्या चिठ्ठ्या कुठायत?”

“श्रेडरमध्ये,” चिटणीस म्हणाले. “प्रत्येक फेरीनंतर, न बघता, न मोजता. नियमच आहे तसा. कुणी काय टाकलं नाही, हेही गुप्त राहायला हवं.”

म्हणजे पुरावा होता, आणि त्याचा भुगा झाला होता.

३

भुगा पाहून हात टेकणाऱ्यांतल्या भिंगबाई नव्हत्या. फाटक्या, जळक्या, उंदरांनी कुरतडलेल्या नोटा त्यांनी जन्मभर हाताळल्या होत्या. तिथला पहिला धडा हा, की तुकडे जुळवत बसायचं नाही, आधी वजन करायचं.

“श्रेडरचा डबा सकाळी रिकामा होता?”

“मीच केला,” चिटणीस म्हणाले. “दोन फेऱ्यांच्या रद्दीशिवाय त्यात काही पडलेलं नाही.”

टपाल विभागातून छोटा काटा मागवला. कोरी चिठ्ठी वजनाला बरोबर चार ग्रॅम भरली. पेटीतल्या बाराही चिठ्ठ्या त्यांनी भिंगाखाली धरल्या. तोच कागद, तीच छपाई, कडांना तोच काप. एकही नक्कल नव्हती.

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. पाच जणांना दर फेरीला दोन, म्हणजे दोन फेऱ्यांत वीस चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. पेटीत निघाल्या बारा.

“आता बघा,” त्या चिटणिसांना म्हणाल्या. “जादा चिठ्ठ्या जर बाहेरून आल्या असतील, म्हणजे तुम्ही किंवा छापणाऱ्याने त्या सरकवल्या असतील...”

“अहो बाई, मी?”

“उदाहरणादाखल हो. तर मग प्रत्येक सदस्याने आपली नको ती चिठ्ठी रद्दीत टाकलीच असणार. दोन फेऱ्यांत दहा. भुगा भरला पाहिजे चाळीस ग्रॅम. आणि जर एखाद्या सदस्याने आपल्या दोन्ही चिठ्ठ्या मतपेटीत टाकल्या असतील, तर रद्दीत दर फेरीला चारच. एकूण आठ. बत्तीस ग्रॅम.”

चिटणिसांनी डबा काट्यावर पालथा केला. काटा हलला, थरथरला, थांबला.

अठ्ठावीस.

भिंगबाईंनी भुगा उतरवला आणि पुन्हा तोलला. अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे सात चिठ्ठ्या. चाळीसही नाही, बत्तीसही नाही. बाहेरचा चोर धरला तर तीन कमी, घरातला धरला तर एक कमी.

“बारा जास्त आणि सात कमी,” चिटणीस हताशपणे म्हणाले. “चिठ्ठ्या वाढतायत की घटतायत?”

भिंगबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजून गेले होते.

४

शेजारच्या छोट्या खोलीत त्यांनी एकेकाला बोलावलं.

गिरणीवाले आधी आले. खुर्ची त्यांच्या भाराने करकरली. “मी दर वाढवायच्या विरोधात आहे. सकाळपासून ओरडून घसा बसला माझा. लोकांना वाटतं, याचं कर्ज महाग होतं म्हणून हा ओरडतो. ते काही खोटं नाही. पण माझ्याकडे सातशे माणसं आहेत, बाई. मी नवे माग घेतले नाहीत तर माग बनवणाऱ्याची माणसं घरी बसणार. ती घरी बसली तर माझं कापड घेणार कोण?”

हे भिंगबाईंना एकदम पटलं.

“दोन चिठ्ठ्या तुम्ही टाकल्यात का?”

“मी धंदेवाला आहे. एकात काम होत असेल तर दोन खर्च करत नाही.” जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “पण निकाल कुणाच्या बाजूनं झुकतोय?”

मग आला टक्का. आकडेवारी विभागाचा प्रमुख. त्याला वेळ विचारली तरी दशांश चिन्हासकट सांगेल, अशी त्याची ख्याती. तोही ‘जैसे थे’वाला. “महागाई का आलीय? बंदरात जहाजं अडकलीयत म्हणून. व्याज वाढवून जहाज हलतं का हो? उगाच कर्जदाराच्या पाठीत धपाटा.” हेही पटलं. उठताना त्यानेही विचारलं, “जिंकतंय कोण?”

प्राध्यापकबाई हातात जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. त्या ‘वाढ’च्या बाजूच्या. “जहाज हलत नाही, कबूल. पण भाव चढतच राहणार असं एकदा लोकांच्या मनानं घेतलं, की दुकानदार आधीच भाव चढवून ठेवतो, कामगार आधीच पगार वाढवून मागतो, आणि मग जहाज आलं तरी भाव उतरत नाहीत. पैसा म्हणजे काय शेवटी? आज घेतलेल्या नोटेला उद्याही तेवढंच मोल असेल, हा भरवसा. तो उडाला की नोट म्हणजे नुसता छापील कागद.”

भिंगबाई पाहतच राहिल्या. वीस वर्षं त्यांनी खऱ्यातून खोटी नोट वेगळी काढली होती. अस्सल नोटसुद्धा हातातल्या हातात खोटी पडू शकते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि पंचाईत अशी, की हेही पटत होतं. जो बोलेल त्याचं पटत होतं. असा तपास त्यांनी जन्मात केला नव्हता.

बोलता बोलता प्राध्यापकबाईंनी पुस्तक उघडलं, आणि पानांतून खुणेची म्हणून ठेवलेली एक जाड पट्टी खाली पडली. भिंगबाईंनी उचलली. तिच्यावर छापलं होतं, ‘जैसे थे’.

“अगं बाई!” प्राध्यापकबाईंचा चेहरा उतरला. “ही पहिल्या फेरीतली. रद्दीत टाकायची राहिली वाटतं. हाताला लागेल ते पानात घालायची वाईट खोड आहे मला. आमच्या घरी विजेचं बिल नेहमी एखाद्या पुस्तकात सापडतं. आता तुम्ही मलाच चोर ठरवणार.”

“उलट,” भिंगबाई म्हणाल्या, “तुम्ही माझे चार ग्रॅम परत दिलेत.”

सात आणि एक आठ. आठ आणि बारा वीस. बाहेरून काहीही आलं नव्हतं. पाचांतल्याच एकाने, दोन्ही फेऱ्यांत, आपल्या दोन्ही चिठ्ठ्या मतपेटीत टाकल्या होत्या. चिटणीस सुटले. उरले पाच.

“मग काय, दर वाढतोय ना?” प्राध्यापकबाईंनी जाताना विचारलं.

थोरले साहेब स्वतःहून आले. “मलाही विचारा. मी ‘वाढ’च्या बाजूचा, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तुमचा वेळ वाचवतो. धाकल्यावरचा संशय सोडा.”

“का?”

“आम्ही चौघं उघडपणे भांडलो. मी आणि प्राध्यापकबाई एकीकडे, गिरणीवाले आणि टक्का दुसरीकडे. दोन-दोन. तो एकटा गप्प बसला होता. म्हणजे तो ज्या बाजूला मत टाकेल ती जिंकणार. ज्याच्या एका चिठ्ठीने काम होतंय, तो लबाडी कशाला करील?”

बिनतोड होतं. भिंगबाईंनी वहीतल्या धाकल्या साहेबांच्या नावावर काट मारली.

तरी रीत म्हणून त्यांना बोलावलं. धाकले साहेब शांतपणे बसले. बँकांवर देखरेख ठेवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं; तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एक ओळ लिहिली गेली नव्हती.

“तुमचं मत कुठल्या बाजूचं, साहेब?”

“ते गुप्त असतं, बाई.”

“बाकीच्यांनी सांगितलं.”

“त्यांनी चर्चेतच सांगितलं होतं.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आज जाहीर होणार का?”

“बघू,” भिंगबाई म्हणाल्या, आणि ते गेले.

दार लागल्यावर त्या वहीकडे बघत बसल्या. अकरा वाजून दहा मिनिटं. पाच नावं, एकावर काट, आणि उरलेल्या चौघांपैकी कुणावरही बोट ठेवता येईना. काहीतरी चुकत होतं. शेवटच्या माणसाने एक प्रश्न विचारला होता आणि तो बाकीच्यांसारखा नव्हता. तिघांनी विचारलं, कोण जिंकणार. याने विचारलं, आज होणार का.

५

भिंगबाईंनी पान उलटलं आणि अगदी पहिलीतल्या पोरासारखं मांडायला घेतलं.

पेटीत तीन-तीन. त्यांतून लबाडाची एक ‘वाढ’ आणि एक ‘जैसे थे’ काढून टाकली, तर उरली दोन-दोन. म्हणजे लबाड कुणीही असो, बाकीच्या चौघांची मतं बरोबरीत होती आणि निकाल त्याच्या एकट्याच्या हातात होता.

पहिल्या फेरीत त्याला हे ठाऊक नसेल कदाचित. समजा, गिरणीवाल्यांना वाटलं, आपण हरतोय, त्यापेक्षा फेरीच नासवू. ठीक. पण पहिल्या फेरीचे आकडे तर मोठ्याने वाचले गेले! तीन-तीन ऐकताक्षणी लबाडाला कळलंच असणार, की आपण सरळ एक चिठ्ठी टाकली असती तर आपलीच बाजू जिंकत होती. मग दुसऱ्या फेरीत त्याने काय करावं? एक चिठ्ठी टाकावी आणि जिंकावं. गिरणीवाले तेच करते. टक्का, प्राध्यापकबाई, थोरले साहेब, सकाळपासून घसा फोडणारा कुणीही तेच करता.

त्याने पुन्हा दोन टाकल्या.

म्हणजे त्याला ‘वाढ’ जिंकायला नको होती आणि ‘जैसे थे’ही नको होतं. त्याला निकालच नको होता. निदान आज नको होता. आणि लबाडीची गरज नाही म्हणून ज्याच्या नावावर काट मारली, तोच एकटा असा होता, ज्याने सकाळपासून कुठलीच बाजू घेतली नव्हती.

त्या उठल्या. धाकले साहेब बोळात खिडकीपाशी उभे होते.

“साहेब, तुम्हाला कुणीच जिंकायला नको होतं. का?”

त्यांनी खालच्या रस्त्यावरच्या रहदारीवरून नजर काढली. मग म्हणाले, “आत चला. हे भिंतींनाही ऐकू जाऊन चालणार नाही.”

६

“एक बँक आहे,” दार लावून ते म्हणाले. “मोठी नाही, लहानही नाही. लोकांच्या ठेवी घेऊन तिने सरकारी रोखे घेऊन ठेवलेत, दर खूप खाली होता तेव्हाचे. आता दर वाढला की नवे रोखे जास्त व्याज देतात, मग जुने कोण पूर्ण किमतीला घेणार? त्यांची किंमत पडते. गेल्या वर्षभरात तिचं अर्धं भांडवल असं विरघळलंय. चोरी नाही, घोटाळा नाही. आज पुन्हा दर वाढला तर उरलेलंही जाईल.”

“मग?”

“आज संध्याकाळी पाच वाजता एक मोठी बँक तिला सामावून घेण्याच्या करारावर सही करणार आहे. चार महिने खपतोय मी त्यासाठी. दुपारी बाराला दर वाढला, तर पाच वाजता सही होणार नाही. आणि सही झाली नाही हे बाहेर पडलं, की उद्या सकाळी त्या बँकेच्या दारात रांग. रांग लागली की चांगली बँकसुद्धा टिकत नाही. बँक आधी लोकांच्या तोंडी बुडते, मग तिजोरीत.”

भिंगबाईंचा गोंधळ उडाला. “पण मग सरळ ‘जैसे थे’ला मत द्यायचं! तुमच्या एका चिठ्ठीने झालं असतं काम.”

“आणि दर दोन महिने तिथेच अडकला असता. पुढची बैठक दोन महिन्यांनी. बाई, दर वाढायलाच हवा. प्राध्यापकबाईंचं बरोबर आहे. महागाईत गरिबाचा खिसा कुणी न कापता कापला जातो. एका बँकेसाठी सगळ्या देशाला दोन महिने महागाईत लोटणारं मत मी कसं देऊ? मला एक दिवस हवा होता. उद्या मी ‘वाढ’च टाकली असती.”

“खोटं मत द्यायला हात धजला नाही, आणि दोन टाकायला धजला?”

धाकले साहेब खुर्ची ओढून बसले.

“समितीला सांगायचं होतं.”

“बाहेरची माणसं आहेत समितीत. बँकांची गुपितं तिथे उच्चारायला कायद्याने बंदी आहे.”

“थोरल्या साहेबांना?”

“तीनदा लिहून कळवलं. दर वाढवायचा तर त्याच दिवशी अडचणीतल्या बँकांना रोखे तारण ठेवून पुऱ्या दर्शनी, म्हणजे रोख्यावर छापलेल्या किमतीवर कर्ज द्या, म्हणजे पडत्या भावात ते विकायची वेळ येणार नाही. उत्तर नाही आलं. मी समजलो, त्यांना मान्य नाही.”

भिंगबाईंच्या ओठांवर प्रश्न आला आणि तो त्यांनी अडवला नाही. “कोणती बँक, साहेब?”

“ते मी तुम्हाला सांगणार नाही.”

आईची सगळी ठेव एकाच बँकेत होती. मोठी नाही, लहानही नाही. अशा बँका किती असतील? पाच? पंधरा? कपाटाची किल्ली खिशात होती, कपाटात मोबाइल. एक फोन, ‘आई, आत्ताच्या आत्ता पैसे काढ’. आणि मग आई शेजारणीला सांगणार, शेजारीण बहिणीला. ज्या रांगेला हा माणूस घाबरत होता, तिची पहिली बाई भिंगबाईंची आईच असती.

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला.

“मला हे आत सांगावं लागेल, साहेब. कोणी केलं तेवढं. का केलं ते तुम्ही सांगा.”

“बरोबर आहे,” धाकले साहेब म्हणाले, आणि त्यांनी भिंगबाईंसाठी दार उघडून धरलं.

७

अकरा पस्तीसला भिंगबाईंनी सगळ्यांसमोर वजनाचा हिशेब सांगितला, मग तीन-तीनचा. त्या शेवटाला पोचायच्या आतच टक्क्याने कपाळावर हात मारला. “दुसरी फेरी! अरे, दुसऱ्या फेरीतच सगळं होतं!”

“मी टाकल्या,” धाकले साहेब उभे राहून म्हणाले. “दोन्ही वेळा. कारण फक्त थोरल्या साहेबांना सांगेन.”

बाहेरच्या सदस्यांना आणि टक्क्याला शेजारच्या खोलीत बसवलं. थोरले साहेब संतापून उठले. “तीस वर्षांचा माझा सहकारी! मला एका शब्दाने सांगता आलं नाही?”

“तीन टिपणं पाठवली, साहेब. पहिलं पाच आठवड्यांपूर्वी. तिन्हींवर ‘तातडीचे’ लिहिलं होतं.”

“माझ्याकडे काही आलेलं नाही.”

भिंगबाईंनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस उठले, थोरल्या साहेबांच्या दालनात गेले, आणि चार मिनिटांनी परतले तेव्हा त्यांच्या हातात तीन लखोटे होते. ‘तातडीचे’ असं लिहिलेल्या इतर एकोणीस लखोट्यांच्या गठ्ठ्यातून काढलेले. तिन्हींची लाख शाबूत होती.

थोरल्या साहेबांनी पहिला लखोटा फोडला. वाचता वाचता ते हळूहळू खुर्चीत बसले. दुसरा फोडलाच नाही.

“या इमारतीत सगळंच तातडीचं असतं,” ते पुटपुटले. मग भिंगबाईंकडे वळून एकदम म्हणाले, “तुम्ही काय केलं असतं, बाई?”

“मला सकाळपासून काही कळत नाहीये, साहेब. जो बोलतो त्याचं पटतंय. पण यांनी लबाडी केली ती लबाडीच आहे, आणि त्यांनी मागितलं ते चुकीचं नाही. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.”

अकरा अठ्ठेचाळीस. थोरल्या साहेबांनी चिटणिसांपुढे कागद सरकवला. “लिहून घ्या. दोन निर्णय, एकाच निवेदनात.”

बारा वाजून चार मिनिटांनी ते जाहीर झालं. धाकल्या साहेबांच्या चिठ्ठ्या बाद, दोन-दोन मतं, निर्णायक मताने व्याजदरात वाढ. आणि त्याखाली थोरल्या साहेबांनी स्वतःच्या अधिकारात घातलेलं दुसरं कलम: आजपासून कोणत्याही बँकेला सरकारी रोखे तारण ठेवून पूर्ण दर्शनी किमतीवर वर्षभराचं कर्ज मिळेल. चार मिनिटांच्या उशिराबद्दल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बरंच काय काय छापून आलं. दुसऱ्या कलमावर आतल्या पानात सहा ओळी होत्या.

करारावर सही पाचला नाही, पावणेसातला झाली. पण झाली.

भिंगबाईंनी अहवाल दोन दिवसांनी दिला. उपप्रमुखांवरचा दोष सिद्ध, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि अहवालाला त्यांनी एक जोडपत्र लावलं, जे त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं: तीन टिपणांच्या तीन तारखा, आणि प्रत्येक लखोटा प्रमुखांच्या दालनात किती दिवस बंद पडून होता ते. चिटणिसांनी ते वाचून अहवाल परत त्यांच्यापुढे सरकवला. “बाई, हे थोरल्या साहेबांच्याच टेबलावर जाणार.”

“जाऊ दे. या वेळी उघडतील.”

धाकल्या साहेबांना नोकरीतून जावं लागलं. जोडपत्राचं पुढे काय झालं, ते भिंगबाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांची बदली मात्र झाली नाही, आणि याचा अर्थ काय लावायचा हेही त्यांना समजलं नाही.

त्या आठवड्याच्या अखेरीला त्या बँकेचं नाव जाहीर झालं. भिंगबाईंनी ते दोनदा वाचलं. त्या बँकेशी त्यांच्या घरातल्या कुणाचाही काडीचा संबंध नव्हता. तरी सकाळी कामावर जाताना त्या वाट वाकडी करून तिच्या एका शाखेत शिरल्या. पाटी अजून जुनीच होती. एक म्हातारे गृहस्थ खिडकीपाशी सहीवरून कारकुनाशी वाद घालत होते. दोरीला बांधलेलं पेन चालत नव्हतं म्हणून एक बाई ते झटकत होती. बाकावर तिघं जण आपली पाळी यायची वाट बघत जांभया देत होते. कुठे घाई नव्हती, धक्काबुक्की नव्हती, कुणी कुणाच्या कानात काही सांगत नव्हतं.

भिंगबाई बराच वेळ उभ्या राहिल्या तेव्हा दारावरचा रखवालदार जवळ आला.

“काय काम आहे, बाई?”

“काही नाही. बघायला आले होते.”

“बँकेत काय बघायचं?” तो म्हणाला. “इथे काही होत नाही.”